बाबांचं घोरणं आणि अठरा बिटांचा सेन्सर

१४ जून २०२५

काय करायचंय: झोपलेल्या माणसाच्या बोटावरून रात्रभर नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन मोजायचा. नुसता आकडा नको, ठोक्यागणिक हलणारी मूळ लाटच साठवायची. सोबत खोलीतल्या आवाजाची पातळी.

कारण बाबा. घोरणं जुनंच आहे, पण हल्ली आवाज मध्येच थांबतो, बराच वेळ काही नाही, मग दचकून मोठा श्वास. आई म्हणते, "मी जागीच असते रे, पुढचा श्वास येतोय का बघत." डॉक्टरांनी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत रात्रभर करायची तपासणी, सांगितली आहे, तारीख ऑगस्टअखेरची मिळाली. निदान तिथेच होणार. मला फक्त तोवर गप्प बसवत नाही.

घरात २०२१ चा ऑक्सिमीटर आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत घरोघरी आला तसाच आमच्याकडेही आला आणि सहा मिनिटं चालून बोट घालायची सवय लावून गेला. पण तो आकडा दाखवतो आणि विसरतो. शिवाय तो आकडा किती सेकंदांची सरासरी आहे, हे डबीवरही नाही आणि आतल्या कागदावरही नाही. माझी खरी खाज तिथे आहे.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेलं सामान: ईएसपी३२ बोर्ड (वायफायवाला चिमुकला संगणक), मॅक्स३०१०२ सेन्सर (बोट ठेवायचा तो), आयएनएमपी४४१ माइक, एसडी कार्डचं मॉड्यूल, छोटा ओलेड डिस्प्ले. माइकवर आईची अट: "रेकॉर्ड-बिकॉर्ड काही करायचं नाही हं." मान्य. दर सेकंदाला आवाजाची फक्त पातळी लिहायची, आवाज नाही.

१७ जून

सेन्सर बोलायलाच तयार नाही. आयटूसी स्कॅनर (तारांवर कोणती उपकरणं जोडली आहेत ते शोधणारा छोटा प्रोग्राम) चालवला की 'एकही उपकरण सापडलं नाही'. वायरा बदलल्या, पिना बदलल्या, तेच.

मल्टिमीटर लावल्यावर उलगडा झाला. या चिपचा आतला भाग १.८ व्होल्टवर चालतो आणि स्वस्त बोर्डांवर डेटा आणि क्लॉकच्या तारा वर खेचणारे रेझिस्टरही त्याच १.८ ला जोडलेले असतात. ईएसपी३२ ३.३ व्होल्टवाला. त्याला 'एक' वाटायला साधारण अडीच व्होल्ट लागतात. म्हणजे सेन्सर ओरडून सांगतोय आणि समोरच्याला ते शून्यच ऐकू येतंय. बोर्डाच्या पाठीवर १.८ आणि ३.३ मधून निवडायला सोल्डरचे बारीक पॅड आहेत. डाग हलवून ३.३ कडे नेला. लगेच ५७ या हेक्स पत्त्यावर हजेरी लागली.

दुकानदाराला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "साहेब, सगळे तसेच येतात. चालणारे चालवतात."

२१ जून

पहिली लाट. हे नीट लिहून ठेवायला हवं.

सेन्सरमध्ये दोन एलईडी आहेत, एक तांबडा ६६० नॅनोमीटरचा, दुसरा इन्फ्रारेड ८८० चा. शेजारी प्रकाश मोजणारा डायोड. बोट वर ठेवलं की प्रकाश कातडीत शिरतो आणि विखरून परत येतो, तो मोजायचा. आकडा १८ बिटांचा, म्हणजे २,६२,१४३ पर्यंत. माझ्या तर्जनीवर तो लाखाच्या वर स्थिरावतो आणि त्या लाखावर जेमतेम हजारभराची लाट हलत असते. सगळी नाडी त्या एका टक्क्यात. उरलेले नव्व्याण्णव म्हणजे कातडी, हाड, नीलेतलं रक्त, जे ठोक्याबरोबर बदलत नाही.

लाट उलटी दिसते, कारण ठोका आला की बोटात रक्त वाढतं आणि परतणारा प्रकाश कमी होतो. चिन्ह बदलून काढली की ओळखीचा आकार येतो: सर्रकन चढ, मग सावकाश उतार, उतारावर एक छोटा खळगा. महाधमनीची झडप मिटते त्या सुमाराची ती खूण. बोट जरा जोरात दाबलं की खळगा आधी जातो, मग लाटच जाते. अलगद ठेवलं तर हात हलला की सगळं विस्कटतं. वेल्क्रोची पट्टी आणि वरून काळ्या कापडाची टोपी, हा सध्याचा तोडगा.

या एका टक्क्याची गोष्ट मला फार आवडते. ताकुओ आओयागी हे जपानमधल्या निहोन कोहदेन कंपनीतले इंजिनिअर. त्यांना मोजायचं होतं वेगळंच: रक्तात रंगद्रव्य सोडून ते कानाच्या पाळीत किती पातळ होत जातं, त्यावरून हृदय किती रक्त ढकलतं ते. पण नाडीच्या ठोक्यांमुळे आलेख सारखा थरथरायचा. ती थरथर घालवण्यासाठी त्यांनी दोन रंगांचे प्रकाश एकमेकांतून वजा करायचा घाट घातला, आणि ऑक्सिजन कमी झाला की ही वजाबाकी बिघडते असं दिसलं. म्हणजे जी पुसायची होती त्या थरथरीतच ऑक्सिजनचं माप होतं, तेही फक्त धमनीतल्या रक्ताचं, कारण थरथरतं ते तेवढंच. १९७४ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. एप्रिल २०२० मध्ये ते गेले, जगभर लोक बोटाला चिमटे लावून बसले होते तेव्हा.

२४ जून

आज हिशेब. तांबड्या प्रकाशातली लाट भागिले तिची स्थिर पातळी, इन्फ्रारेडचंही तसंच, मग पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. या गुणोत्तराला सगळे 'आर' म्हणतात. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश कमी शोषतं, न घेतलेलं जास्त. म्हणून आर वाढला की ऑक्सिजन कमी.

इथपर्यंत भौतिकशास्त्र. आरवरून टक्के काढायला मात्र सूत्र सिद्ध करता येत नाही, कारण प्रकाश बोटात सरळ जात नाही, वाटेल तसा विखुरतो. मग कंपन्या काय करतात? धडधाकट स्वयंसेवकांना मुद्दाम कमी ऑक्सिजनची हवा देतात, धमनीतलं रक्त काढून खरे टक्के मोजतात, आणि आर व टक्के यांची जोडी लावतात. ७० टक्क्यांच्या खाली माणसाला नेता येत नाही, म्हणून त्याखालचा आकडा हा पुढे ओढलेल्या रेषेवरचा.

पाठ्यपुस्तकी सूत्र: ११० वजा २५ गुणिले आर. मी वापरतोय त्या लायब्ररीत (सेन्सरसाठीच्या तयार कोडमध्ये) वर्गाचं सूत्र आहे: उणे ४५.०६ आर वर्ग, अधिक ३०.३५४ आर, अधिक ९४.८४५. आर ०.४ असला तर दोन्ही शंभराच्या आसपास. ०.७ ला एक ९२.५ सांगतं, दुसरं ९४. आर १ झाला की एक ८५ आणि दुसरं ८०. बोट तेच, लाट तीच.

आर १ जपून ठेवण्यासारखा आहे. हात जोरात हलला की दोन्ही रंगांवर सारखाच गोंधळ होतो, गुणोत्तर १ कडे ओढलं जातं आणि पाठ्यपुस्तकी सूत्राचं यंत्र ठामपणे ८५ दाखवतं. रुग्णाचा हात थरथरत असताना चिमट्यावर ८५ दिसला तर आधी लाट बघावी असं म्हणतात, ते यामुळेच. मेथेमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन) वाढलेल्या माणसातही आकडा ८५ च्या आसपास अडकतो, कारण ते दोन्ही रंग जवळपास सारखेच शोषतं.

ठरलं. टक्के साठवायचेच नाहीत. दोन्ही रंगांचे कच्चे आकडे साठवायचे, टक्के नंतर काढू.

२९ जून

नाडी १४४. मी खुर्चीत, हातात चहा.

मनगटावर बोटं ठेवून मोजली तर ७२. बरोब्बर दुप्पट म्हटल्यावर रोग नाही, कोड. लायब्ररी गृहीत धरते की सेकंदाला २५ नमुने येतात. बोर्डाच्या विक्रेत्याने दिलेल्या नमुना कोडमध्ये सेन्सर १०० नमुने घेतो आणि आठ-आठची सरासरी करून देतो, म्हणजे सेकंदाला साडेबारा. दोन ठोक्यांमध्ये नमुने निम्मेच, म्हणून नाडी दुप्पट. सरासरी चारची केली, ७२ आले.

७२ चे १४४ झाले म्हणून पकडता आलं. एखाद्याची नाडी खरीच ५० असती तर यंत्राने १०० दाखवले असते आणि कुणाला काही खटकलंही नसतं.

३ जुलै

दुपारी लाइट गेले, आले. फाइलमध्ये माझी नाडी १ जानेवारी १९७० ची, पहाटे साडेपाचची. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

ईएसपी३२ ला घड्याळाची बॅटरी नसते. सुरू झाला की त्याच्या लेखी युनिक्सच्या काळाची सुरुवात, म्हणजे संगणक जिथून वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० ची मध्यरात्र, त्यात आपले साडेपाच तास. वेळ इंटरनेटवरून घ्यायची तर राउटर जागा व्हायला दोन-तीन मिनिटं लावतो आणि बोर्ड दोन सेकंदांत कामाला लागतो. आता वेळ मिळेपर्यंत नोंदीला तारीखच देत नाही, नुसता क्रमांक. वेळ मिळाली की मागच्या नोंदींना उलटं मोजून तारीख.

८ जुलै

बटाट्याला नाडी आहे. ८८. ऑक्सिजन ९६.

सेन्सरवर बोटाऐवजी बटाटा बांधला होता. लायब्ररीचं काम शिखरं शोधणं, ती कुरबुरीतही शिखरं शोधते. आकड्याबरोबर 'हा आकडा ग्राह्य आहे का' असा एक झेंडा ती देते खरी, पण नेटवरचे बरेच नमुने तो न बघताच आकडा छापतात. अर्थात एकट्या झेंड्यावरही विसंबता येत नाही, बटाट्याच्या ९६ ला तो 'ग्राह्य'च म्हणत होता. म्हणून वरून माझी एक गाळणी: लाट स्थिर पातळीच्या ०.२ टक्क्यांहून लहान असेल तर तो तुकडा बाद. थंड पडलेली बोटंही या गाळणीत अडकतात. अडकू देत.

याच्याच पोटातली दुसरी भानगड. आकडा जमला नाही की लायब्ररी उणे ९९९ देते. आलेख दाखवायला घेतलेलं तयार पॅनेल त्यालाही आकडाच समजतं. मिनिटाला एक वाचन, तासाला साठ. ५९ वेळा ९७ आणि एकदा उणे ९९९ आलं तर सरासरी ७८.७. काल रात्री चाचणीत पॅनेलवर ७८.७ चा तांबडा ठिपका बघून पोटात गोळा आला होता. हा आकडा धड खोटाही वाटत नाही, हे जास्त वाईट. शून्य किंवा उणे आला असता तर हसून सोडून दिला असता.

१३ जुलै, रविवार

यंत्र आज शहाण्यासारखं वागतंय, तर जरा खेळ.

सावकाश श्वास, पाच सेकंद आत, पाच बाहेर. श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. आलेखावर ठोक्यांमधलं अंतर चक्क हेलकावे खातं. हृदयाला लगाम घालणाऱ्या व्हेगस नसेचा ताण श्वास घेताना ढिला पडतो, सोडताना आवळतो. कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये स्वतः बनवलेल्या कायमोग्राफवर, म्हणजे फिरत्या नळकांड्यावर आलेख काढणाऱ्या यंत्रावर, हे टिपलं होतं. माझी अकरावीतली भाची मिहिका बघून म्हणाली, "म्हणजे मामा, तुझं हृदय अनियमित आहे?" हो, आणि निरोगी तरुण हृदय असंच असतं. तिचा हेलकावा माझ्या दुप्पट निघाला. विषय बदलला.

मग परातीत बर्फाचं पाणी. खुर्चीत बसून नाडी ७४. श्वास रोखून कपाळ आणि गाल पाण्यात, अर्ध्या मिनिटात ५६. नुसता श्वास रोखला तर इतकी उतरत नाही. चेहऱ्याला गार पाणी लागलं की ट्रायजेमिनल नसेतून मेंदूला निरोप जातो आणि तिथून व्हेगसमार्फत हृदयाला. सील आणि देवमाशांत हे फार मोठ्या प्रमाणावर असतं, आपल्यात उरलंसुरलं. ज्याला हृदयाची तक्रार आहे त्याने हा खेळ करू नये. बाबांना लांबूनच बघायला बसवलं होतं.

कामाची गोष्ट तिसऱ्या खेळात सापडली. श्वास रोखून धरला, कासावीस झालो, सोडला, चार-पाच वेळा भराभर श्वास घेतला, आणि त्यानंतर बोटावरचा आकडा खाली यायला लागला. ९८, ९६, ९३. मी मजेत बसलोय आणि यंत्र घसरतंय. फुप्फुसातलं रक्त हृदयातून बोटापर्यंत यायला वेळ लागतो, त्यात सरासरीचे सेकंद. माझ्या बोटावर हे सगळं मिळून पंचवीस-तीस सेकंद. म्हणजे बाबांच्या माइकवर शांतता दिसेल तेव्हा आलेखात खड्डा नसणार, तो त्यांनी परत श्वास घेतल्यावर पडणार. दोन्ही एकाखाली एक ठेवून बघताना हे सोडलं तर अर्थच उलटा लागेल.

आणखी एक: कासावीस होतो ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, ऑक्सिजन कमी पडल्यामुळे नव्हे. म्हणूनच पाण्यात बुडी मारण्याआधी मुद्दाम भराभर श्वास घेणं जिवावर बेततं. कार्बन डायऑक्साइड आधीच उडवून टाकलेला असतो, शरीर ओरडतच नाही आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध होतो. मिहिका पोहायला जाते, तिला हे दोनदा सांगितलं.

२० जुलै

बाबांची पहिली रात्र. फाइलमध्ये चाळीस सेकंद आहेत.

पॉवर बँक. तिला वाटलं फोन भरून झाला. रात्री वायफाय बंद ठेवून फक्त कार्डावर लिहायचं ठरवलं होतं. तेव्हा बोर्ड इतका कमी करंट खातो की पॉवर बँक 'कुणी जोडलेलंच नाही' असं समजून झोपते. चार्जरला जोडणं नाही: झोपलेल्या माणसाच्या अंगाला लागलेलं यंत्र स्वस्तातल्या चार्जरवर चालवायचं नाही, हा नियम. वायफाय चालू ठेवला, भूक वाढली, पॉवर बँक जागी राहिली. वीज वाचवली म्हणून बंद पडलेलं यंत्र वीज उधळून चालवावं लागलं.

२२ जुलै

आता वायफायची कटकट. सिग्नल गेला की बोर्ड परत जोडण्यात पाच-सहा सेकंद गुंततो. सेन्सरच्या पोटात जागा ३२ नमुन्यांची, म्हणजे २५ च्या गतीने १.२८ सेकंद. पुढचे नमुने मागच्यांना ढकलून देतात आणि लाटेचे दोन तुकडे भलत्याच जागी सांधले जातात. सांध्यावर एक ठोका जास्तीचा. ईएसपी३२ ला दोन कोअर आहेत: एकावर फक्त सेन्सर वाचणं, दुसऱ्यावर वायफाय, कार्ड, बाकी संसार. मिटलं.

२६ जुलै

पहिली पूर्ण रात्र. बाबा साडेदहाला झोपले, साडेसहाला उठले, पट्टी जागेवर. "बोटाला दिवा लावून झोपवलंस मला," एवढीच तक्रार.

लाट बघितली आणि गप्प झालो. दीड ते साडेतीनमध्ये करवतीचे दाते. आवाज चढत जातो, तुटतो, वीस-पंचवीस सेकंद काही नाही, मोठा श्वास, आणि त्यानंतर ऑक्सिजन ९६ वरून ८९-९० ला टेकून परत वर. एकामागून एक. डाव्या कुशीवर वळले असावेत असं वाटतं तिथे सगळं शांत.

मग मुद्दाम एक उद्योग केला. त्याच कच्च्या आकड्यांची सरासरी चार सेकंदांची घेतली, मग सोळा सेकंदांची, मग मिनिटाची. चारवर दाते स्वच्छ. सोळावर दाते बोथट, ८९ चा ९२ झाला. मिनिटावर एक सपाट रेषा, ९४ च्या आसपास, जिच्याकडे बघून कुणीही म्हणेल, काका ठणठणीत आहेत. घड्याळं आणि अंगठ्या सकाळी दाखवतात तो 'रात्रीचा सरासरी ऑक्सिजन' हा बऱ्याचदा याच जातीचा आकडा. त्यात खोटं काही नाही. फक्त बाबांचा आजार त्या सरासरीच्या आत मावतो.

यात रक्ताच्या स्वभावाचाही हात आहे. हिमोग्लोबिन किती भरलेलं आहे आणि रक्तातला ऑक्सिजनचा दाब किती, यांचा आलेख आपल्या सह्याद्रीच्या पठारासारखा: वर लांबवर सपाट आणि मग एकदम कडा. दाब १०० मिलिमीटर पाऱ्यावरून ६० पर्यंत घसरला, तरी टक्के ९७-९८ वरून ९० वरच येतात. त्याखाली मात्र थोड्या घसरणीत टक्के धडाधड कोसळतात. म्हणून ९७ आणि ९३ या दोन आकड्यांतलं अंतर दिसतं त्याहून बरंच जास्त आहे.

४ ऑगस्ट

उद्या चुलत भाचीची मंगळागौर. घरात सगळ्यांचे हात मेंदीने भरलेले. संधी सोडली नाही.

साध्या, तांबूस चढलेल्या मेंदीने फरक पडला नाही, आकडे आधीसारखेच. मिहिकाने कोनातली 'ब्लॅक' मेंदी बोटांच्या पेरांपर्यंत काढलीय, तिथे पातळी निम्म्यावर आली आणि आकडा भरकटला. काळी मेंदी वाचन बिघडवू शकते हे आधी नोंदवलं गेलेलं आहे. नेलपॉलिशमध्येही निळा, काळा, हिरवा हे उपद्रवी रंग. आत्या म्हणाली, "मग हॉस्पिटलात जाताना मेंदी काढायची नाही की काय?" काढ गं, फक्त एक बोट सोड.

पण हसण्यावारी न्यायचा हा विषय नाही. कातडीतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलं: ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्ष ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, कृष्णवर्णीयांत ११.७. तिपटीहून जास्त. जोड्या लावताना बोटं कुणाची होती, असा सरळ प्रश्न त्यातून निघतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी संस्था) नवा मसुदा काढला, त्यात वेगवेगळ्या वर्णाच्या, आणि आधीपेक्षा बऱ्याच जास्त, लोकांवर चाचणी घ्या असं आहे. आमच्या एका घरात गव्हाळ ते सावळ्याच्या चार छटा आहेत. सगळ्यांची बोटं लावली, फरक दिसला, पण त्यातला वर्णाचा किती आणि बोटाच्या जाडीचा किती हे रक्त काढल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि तेवढ्यासाठी धमनीत सुई कुणाला टोचू देणार?

९ ऑगस्ट

राखीला दादा आला. त्याला फाइल दिली, त्याने ऑफिसच्या सवयीने एक्सेलमध्ये उघडली आणि म्हणाला, "सकाळ कुठाय?"

एक्सेलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. सेकंदाला २५ ओळी म्हणजे अकरा तास चाळीस मिनिटं. एक रात्र मावते. त्याने दोन रात्री एकत्र दिलेली फाइल उघडली, दुसरी अर्ध्यात कापली गेली. इशारा येतो, पण तो 'ओके' दाबण्यासाठीच असतो असा सर्वांचा समज.

दादाला आपण एकटेच नाही असं वाटावं म्हणून इंग्लंडचा किस्सा सांगितला. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या पब्लिक हेल्थ इंग्लंडच्या आकडेवारीतून जवळपास १६ हजार कोविड रुग्ण गळले होते. प्रयोगशाळांकडून आलेल्या याद्या एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस साच्यात ओतल्या जात होत्या, त्यात जागा फक्त ६५,५३६ ओळींची. वरचे रुग्ण गुपचूप बाहेर, आणि त्यांच्या संपर्कातले लोक शोधायचं काम तितके दिवस लांबलं. माझ्या गतीने ६५,५३६ ओळी म्हणजे पाऊण तासही नाही.

याहून मजेशीर, तारखांचा घोळ. मानवी जनुकांना सेप्ट१, मार्च१ अशी संक्षिप्त नावं होती. एक्सेल त्यांना १ सप्टेंबर, १ मार्च करून टाकायचं. २०१६ च्या एका पाहणीत एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशात असल्या चुका निघाल्या. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली: सेप्टिन१, मार्चएफ१. लाखो वर्षांच्या जनुकाने एका ऑफिस सॉफ्टवेअरपुढे पडतं घेतलं! मी फाइलमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच ठेवतोय, मधल्या रेघेसकट.

१६ ऑगस्ट

वरच्या मजल्यावरचे काका यंत्र बघायला आले. "आमच्या बाथरूममध्ये गॅस गिझर आहे, हे लावलं तर धोका कळेल का?"

नाही कळणार, आणि हे ठळक लिहून ठेवतो. बंद बाथरूममध्ये गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो, तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतो. दोन रंगांच्या ऑक्सिमीटरला असं हिमोग्लोबिन ऑक्सिजन भरलेल्यासारखंच दिसतं. माणूस गुदमरत असताना चिमटा ९८ दाखवेल. काकांना सांगितलं, गिझर बाहेर काढा, निदान खिडकी उघडी राहील असं बघा आणि मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म बसवा.

अॅनिमियाचंही तसंच. टक्के म्हणजे असलेल्या हिमोग्लोबिनपैकी भरलेलं किती. मुळात हिमोग्लोबिन किती आहे ते हे यंत्र सांगत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया अॅनिमिक निघाल्या. त्यांच्यातल्या बहुतेकींच्या बोटावर हा चिमटा छान ९८ दाखवेल.

१९ ऑगस्ट

ओलेडवर मराठी. 'नाडी' झकास उमटलं. 'ऑक्सिजन'चा पाय मोडका आणि वेलांटी 'क्स'च्या आधी न येता नंतर. या चिमुकल्या लायब्ररीत अक्षरं एकामागून एक ठेवली जातात, जोडाक्षर आणि पहिली वेलांटी कुठे बसते हे तिला कुणी शिकवलेलंच नाही. तीन शब्द संगणकावर चित्र करून चिकटवले. दिवस गेला. बाबांना चष्म्याशिवाय वाचता येतं, बस्स.

३० ऑगस्ट

गणपतीच्या धामधुमीतच स्लीप स्टडी झाली. डोक्याला, छातीला, पायाला तारा, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. तिथल्या तंत्रज्ञाला माझा आलेख दाखवला. त्याने आधी विचारलं ते, "अॅव्हरेजिंग किती सेकंदांचं?" दिवस सार्थकी लागला.

२ सप्टेंबर

रिपोर्ट. श्वास अडण्याचे प्रसंग तासाला २२. पाचच्या पुढे सौम्य, १५ च्या पुढे मध्यम, ३० च्या पुढे तीव्र, म्हणजे मध्यम. दहा सेकंद किंवा जास्त वेळ अडला तरच प्रसंग धरतात. माझ्या चार रात्रींच्या लाटांतून ऑक्सिजनचे खड्डे मोजले तर तासाला १५ ते १९ येतात. कमी येणारच: काही वेळा श्वास अडतो, झोप मोडते, पण ऑक्सिजन पडायच्या आत माणूस सावरतो. ते मेंदूच्या तारांनाच कळतं, बोटाला नाही. शिवाय मी धरतो झोपायला टेकल्यापासूनचे तास, ते धरतात प्रत्यक्ष झोपेचे.

डॉक्टरांनी सीपॅप सुचवलं. मुखवट्यातून हवेचा हलका दाब द्यायचा, घसा मिटत नाही. हे १९८० मध्ये सिडनीत कॉलिन सुलिव्हान यांनी पहिल्यांदा केलं, व्हॅक्युम क्लीनरची मोटर उलटी लावून. १९८१ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी कोपऱ्यातल्या आमच्या व्हॅक्युम क्लीनरकडे आणि मग माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून खुलासा करावा लागला की मशीन विकतच आणणार आहोत.

१० सप्टेंबर

मशीन आलं. पहिल्या दोन रात्री मुखवटा बाबांनी मध्यरात्री काढून टाकला. तिसऱ्या रात्री चार तास राहिला. त्या चार तासांत माझ्या लाटेवर दोनच दाते, नंतरच्या तासांत परत करवत.

उरलेलं काम: आवाज आणि ऑक्सिजनमधला पंचवीस-तीस सेकंदांचा फरक अजून हाताने जुळवतोय, तो प्रत्येक माणसाच्या लाटेवरून आपोआप काढायचा. वेल्क्रोने पेरावर वळ उठतो, मऊ पट्टी बघायची. आईचं म्हणणं, आता एकदा तिलाही लावून बघ, कारण बाबा म्हणतात घोरते तीसुद्धा. ती कबूल करायला तयार नाही, पण शनिवारची रात्र ठरली आहे.